शेपटीपासून सुरुवात

आपल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला वर्गावरून जाणारं हेलिकॉप्टर आठवत असेल. बाई खडू हातात धरून थांबायच्या, आवाज विरला की वाक्य पुढे सुरू. तो आवाज ज्या विमानतळाचा, त्याच्या इतिहासातली एक गोष्ट मला या स्मरणिकेत सांगायची आहे. तिचा संबंध माझ्या छंदाशी आहे आणि यंदा आपण शाळेला देणार असलेल्या भेटीशीही.

जुहूचं विमानतळ १९२८ सालचं. इथल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमधून जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याचा क्रमांक होता १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. विमान होतं एका इंजिनाचं छोटंसं पुस मॉथ. त्यात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याला हलवावा लागे.

अशा विमानात वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून शेपटीपर्यंत थेट यांत्रिक जोडणी असे. शेपटीवर वाऱ्याचा दाब वाढला की तो हाताला जाणवे. म्हणजे हुकूम जायचा त्याच वाटेने उत्तर परत यायचं. तरीही बारीकसारीक भाग दगा देत. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ड्राकेन्सबर्ग डोंगरात ग्लेन किडस्टन हा नावाजलेला वैमानिक याच जातीच्या विमानात मरण पावला. विमान वादळी हवेत मोडलं होतं. अशा आणखी दुर्घटना घडल्यावर पंखाला खालून आधार देणारा पुढचा दांडा मजबूत करण्यात आला. इंजिन सुस्थितीत असूनही एका दांड्यापायी विमान जाऊ शकतं, हे त्या पिढीने फार मोठी किंमत मोजून शिकलं.

रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानात हाताची ही जाणीवच नसते. आपण जमिनीवर, विमान आकाशात. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी हुकमाने छोटी होडी चालवून दाखवली. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. त्या काळी आणि पुढेही बरीच वर्षं अनेक मॉडेलांत रबराच्या पिळावर चालणारी कळ असे. बटण दाबलं की सुकाणू पूर्ण उजवीकडे, पुन्हा दाबलं की पूर्ण डावीकडे. अधलंमधलं काही नाही. हुकूम पाळला गेला का, हे तपासणारं विमानात कोणीच नव्हतं.

ती उणीव सर्व्होने भरून काढली. १९६०च्या दशकात आलेल्या प्रपोर्शनल रेडिओमुळे काठी जितकी हलवाल तितकंच सुकाणू हलू लागलं. सर्व्होच्या डबीत एक छोटी मोटर, दातेरी चाकं आणि एक पोटेन्शिओमीटर असतो. रिसीव्हर दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवतो: १.५ मिलिसेकंदाचा म्हणजे मध्यावर, १ किंवा २ मिलिसेकंदांचा म्हणजे एका किंवा दुसऱ्या टोकाला. आपला हात आत्ता कुठे आहे हे पोटेन्शिओमीटर सांगतो आणि फरक उरेल तोवर मोटर फिरत राहते.

इतका इतिहास सांगण्याचं कारण असं, की मॉडेल बिघडलं तर दोष याच क्रमाने शोधावा: आधी सर्वांत जुना भाग, शेवटी सर्वांत नवा. आम्ही संगणकवाले उलट करतो, सगळ्यात नव्या वस्तूवर आधी संशय घेतो. छंदातल्या मित्रमंडळींची मॉडेलं दुरुस्त करताना माझा अनुभव वेगळा आहे. रेडिओला दोष देत आणलेल्या विमानात बहुतेकदा बिजागरी नाहीतर दांडी दोषी निघते.

म्हणून पहिलं काम, बॅटरी काढून सर्व्होची दांडी सोडवायची आणि शेपटीचा पाता बोटाने हलवून पाहायचा. तो अडखळत असेल तर बिजागरी घट्ट आहे. दांडी परत जोडून सर्व्होचा हात धरून ठेवला आणि पाता तरीही हलला, तर जोडणी ढिली आहे. जमिनीवर ढिलाई क्षुल्लक वाटते, पण वेगात पाता फडफडू लागतो आणि काही क्षणांत उखडूही शकतो. मग दांडी पाहायची. बारीक दांडी ओढताना सरळ राहते आणि ढकलताना वाकते, त्यामुळे विमान वर चढतं पण हुकूम देऊनही नीट खाली वळत नाही.

त्यानंतर सर्व्हो. स्वस्थ असतानाही तो गुणगुणत असेल तर दांडी सोडवा. आवाज थांबला तर सर्व्हो निर्दोष, भार बाहेरचा आहे. मध्याजवळच थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटर झिजला असण्याची शक्यता मोठी. फिरताना उडी मारत असेल तर चाकाचा दात तुटलेला. एकच सर्व्हो वेडावाकडा वागत असेल तर तो दुसऱ्या चॅनेलवर लावून पाहा. दोष त्याच्याबरोबर गेला तर त्याचा, जागीच राहिला तर रिसीव्हरचा किंवा तारेचा. सगळेच एकदम थरथरले तर वीजपुरवठा तपासा. जुहूच्या खाऱ्या हवेत कनेक्टरवर हिरवट थर चढतो, तोही पुसून घ्यावा. ट्रान्समीटर सर्वांत शेवटी. विमानाच्या मागे उभं राहून काठी उजवीकडे न्या. उजव्या पंखाचा पाता वर उठायलाच हवा. दुरुस्तीनंतर ही दिशा उलटी झालेली असू शकते आणि हवेत ती सुधारायला वेळ मिळत नाही.

आता भेटीविषयी. निधीतून शाळेला तयार ड्रोन द्यावा, असं आपल्यातल्या अनेकांचं मत आहे. मॉडेल विमान सारखं बिघडतं, हा त्यांचा आक्षेप अगदी खरा. मात्र शाळेच्या मैदानावर दोन्हींपैकी काहीच मनासारखं उडवता येणार नाही. विमानतळालगतचं आकाश परवानगीशिवाय वापरता येत नाही. न उडणारा ड्रोन कपाटात जाईल. मॉडेल विमानाचं वर सांगितलेलं सगळं काम मात्र प्रयोगशाळेच्या टेबलावर होतं. बिघाडाला घाबरायचं नसतं, त्याला क्रमाने प्रश्न विचारायचे असतात, हे आपल्याला याच प्रयोगशाळेत सरांनी शिकवलं. विद्युत परिपथ चालला नाही की ते आधी तारांची टोकं तपासायला लावायचे.

जे. आर. डीं.नी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. पन्नास वर्षं जुन्या धाटणीचं विमान तेव्हाही उडू शकलं, कारण ते उघडता, तपासता आणि दुरुस्त करता येत होतं. शाळेला तसंच काही द्यावं, अशी माझी विनंती आहे: एक बाल्साचं विमान, सहा सर्व्हो, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि सुट्या दांड्या. दर महिन्याच्या एका शनिवारी येऊन मुलांबरोबर बसायची जबाबदारी मी घेते. आणखी कोणी येणार असेल तर मेळाव्याच्या दिवशी जरूर सांगा.