पाळी सुटल्यानंतरचा वेळ

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगताना आपण बहुधा कारखान्यांची जंत्री मांडतो. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये तिची महानगरपालिका झाली. पुढे हाच पट्टा चाकणपर्यंत पसरला आणि 2009 मध्ये तिथे फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला. पाळी सुटल्यावर माणसाने काय केले, ते या जंत्रीत कुठेच येत नाही. अद्भुत कादंबरीत बुडून जाणे किंवा डोके शिणवणारा खेळ तासन्‌तास खेळणे, ही फावल्या वेळेतली हौस म्हणून आपण बाजूला ठेवतो. मला मात्र ती उद्योगाच्या इतिहासातच मोजायला हवी असे वाटते, कारण तिला लागणारा वेळ कोणी बहाल केलेला नाही. कामगारांना तो मागून, भांडून घ्यावा लागला.

मराठीत अद्भुताची आवड कारखान्यांइतकीच जुनी आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी 1850 च्या दशकात सुरू झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांनी 'मुक्तामाला' वाचकांपुढे ठेवली ती 1861 च्या सुमारास. 1868 मध्ये 'मंजुघोषा' लिहिणारे नारो सदाशिव रिसबूड यांनी प्रस्तावनेत आपली अडचण सरळ सांगितली आहे. आपल्या लोकांची लग्नाची रीत आणि एकूण राहणी अशी, की त्यांच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे फारसे घडत नाही. रोजचा अनुभव लिहिला तर त्यात गोडी येणार नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळणे भाग आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. चारच वर्षांनी, 1872 मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून अशा असंभाव्य लेखनावर टीका केली. त्यानंतरच्या टीकाकारांनी बहुतेक मराठ्यांची बाजू घेतली. रिसबुडांचे म्हणणे मला अधिक खोल वाटते. ज्या जगण्यात स्वतः ठरवण्यासारखे थोडे उरते, त्या जगण्यातल्या वाचकाला जिथे ठरवण्याला किंमत आहे असे जग हवे असते, ही जाण त्या प्रस्तावनेच्या तळाशी आहे. पुढे 'चांदोबा'ने मुलांना आणि नारायण धारपांनी मोठ्यांना तसेच जग दिले.

वाचायला आणि खेळायला वेळ मात्र लागतो. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. आठवड्यातून रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या त्यांतल्या पहिल्या मागण्या. रविवार मिळायला 1890 साल उजाडले. 1948 च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याचे 48 तास, दिवसाचे 9 तास आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी अशी मर्यादा घातली. म्हणजे पिंपरीत पहिला कारखाना आला तेव्हा संध्याकाळ कायद्यात लिहिलेली होती. 1953 च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने पुढचे पाऊल टाकले. वाचनालये, खेळ आणि करमणूक यांवर हा निधी खर्च करायचा होता, आणि त्यात जमा होणाऱ्या रकमांमध्ये कामगारांकडून वसूल केलेला दंड होता, त्यांनी न नेलेली मजुरीही होती. कामगाराच्या करमणुकीला कोणाचे उपकार समजणाऱ्यांनी ही तरतूद जरूर वाचावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे पलायन आहे, त्याऐवजी माणसाने चार उपयोगाच्या गोष्टी शिकाव्यात. पण लाइनवरच्या कामाचे स्वरूप पाहा. तिथे एकच हालचाल दिवसभर करायची असते, क्रम दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि चूक झाली तर भरपाई द्यावी लागते. अवघड खेळात क्रम खेळणारा ठरवतो, चूक स्वतःच शोधतो आणि दंड न भरता पुन्हा बसतो. दिवसभर जी बुद्धी वापरायला मिळाली नाही ती इथे कामाला लागते, मग याला पळणे कसे म्हणायचे? पैशांवर चालणारा पत्त्यांचा डाव मी यात धरत नाही. तिथे चुकीला दंड पुन्हा येतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे शौक रिकामटेकड्या वर्गाचे, असे म्हणतात. उत्तर पेशवाईत त्रिवेंगडाचार्यांनी बुद्धिबळावर 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ रचला आणि 1814 मध्ये मुंबईत त्याचे इंग्रजी रूप छापले गेले, तेव्हा तो दरबाराचाच खेळ होता, हे खरे. पण मूठभरांकडे होती म्हणून ती गोष्ट इतरांना वर्ज्य ठरत नाही. अक्षरओळखही एके काळी मूठभरांचीच होती. बायकांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप आजही पुरता सुटत नाही. कारखान्यातून सुटलेल्या बाईची दुसरी पाळी घरी सुरू होते, आणि ते तास कुठल्याही कायद्याने मोजलेले नाहीत.

2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा व्हिडिओ गेम आणला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी आणि तिच्या पाठीशी दुर्गा नि विष्णू अशी त्याची कथा. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. अद्भुत कथा आणि कसोटी पाहणारा खेळ असे दोन्ही प्रवाह इथे, या पट्ट्याच्या शेजारीच, एकत्र आले. तो खेळायला संध्याकाळ मात्र उरली पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातले दिवसाचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तेच राहतील, त्यामुळे नुकसान कोणाचेच नाही, असे समर्थन केले जाते. बेरजेत ते बरोबर आहे. पण 12 तास काम आणि त्यावर चाकणहून निगडीपर्यंतची वाहतूक कोंडी धरली, तर त्या दिवशी जेवण आणि झोप यांपलीकडे काही उरत नाही. आठवड्याच्या शेवटी मिळालेली मोकळी दुपार त्याची भरपाई करत नाही. जाड कादंबरी रोज थोडी थोडी वाचली तरच तिचा धागा हाती राहतो, आणि बुद्धिबळाला समोर दुसरा माणूस लागतो, त्याचीही पाळी त्याच वेळी सुटलेली असावी लागते.