गणित कार्यशाळा, बर्कली
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात १९७८ च्या सुमारास सुरू झालेला, उच्च गणितात अल्पसंख्य असलेल्या विद्यार्थ्यांसाठीचा गटअभ्यासाचा उपक्रम. प्रवर्तक : गणितज्ञ उरी ट्रायझमन.

कलनाच्या (पहा : अवकलन व समाकलन) पहिल्या वर्षी कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने अनुत्तीर्ण होत. कमकुवत पूर्वतयारी, गरिबी, घरचे दुर्लक्ष, अनास्था ही कारणे प्राध्यापक सांगत. ट्रायझमन यांना पाहणीत यांपैकी एकाचाही आधार मिळाला नाही. कृष्णवर्णीय व चिनी वंशाच्या प्रत्येकी २० विद्यार्थ्यांचा अभ्यास त्यांनी जवळून पाहिला. पहिल्या गटातील बहुतेक जण नेमून दिलेले तास निष्ठेने, पण एकटेच अभ्यास करीत. दुसऱ्या गटातील विद्यार्थी आठवड्याला सुमारे १४ तास देत. आधी एकट्याने गणिते सोडवून संध्याकाळी एकत्र जमत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका शोधत. उणीव कष्टांची नव्हती, सोबतीची होती.

त्यामुळे कार्यशाळेचे स्वरूप उपचारात्मक वर्गाचे नाही, तर गुणवंतांच्या वर्गाचे ठेवले गेले. नेहमीच्या तासांखेरीज विद्यार्थी लहान गटांत बसून मुद्दाम कठीण निवडलेली गणिते सोडवतात. आधी प्रत्येक जण कागदावर स्वतः झटतो, मग आपली रीत इतरांना समजावतो. साहाय्यक उत्तर सांगत नाही, पुढचा प्रश्न विचारतो (पहा : सहकारी अध्ययन).

सहभागी विद्यार्थ्यांच्या कलनातील श्रेणी लक्षणीय उंचावल्या. पुढे टेक्सस (ऑस्टिन) व विस्कॉन्सिन (मॅडिसन) विद्यापीठांनी ‘इमर्जिंग स्कॉलर्स प्रोग्रॅम’ या नावाने हा नमुना स्वीकारला. ट्रायझमन यांना १९९२ मध्ये मॅकआर्थर अधिछात्रवृत्ती मिळाली.