कासूच्या चढावरचे जोत: बैलापासून मिनी ट्रॅक्टरपर्यंत

मुंबई-गोवा महामार्गावर पेण आणि नागोठण्याच्या दरम्यान असलेल्या कासूच्या परिसरात शेतजमिनीच्या दोन तऱ्हा आहेत. खाडीच्या बाजूला सपाट भातखाचरे आणि खारजमीन, तर डोंगराच्या बाजूला चढत जाणारी वरकस. वरकसावर नाचणी आणि वरी होते. १९८१पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात डोंगरउतारावरच्या दळी जमिनी कातकरी आणि ठाकर कसत आले आहेत. तीव्र उतारावर नांगर फिरत नाही, म्हणून तिथे कुदळ चालते. उतार सौम्य असेल तिथे बांध घालून खाचरे पाडली गेली. आधी जमीन सपाट करायची आणि मग जोत धरायचे, हा इथला जुना शहाणपणा.

बैलजोडीमुळे एक मोठे संरक्षण आपोआप मिळे. पाय घसरू लागला की बैल थबकतो. यंत्राला ही जाण नसते, आणि पुढच्या सगळ्या अपघातांचे मूळ तिथेच आहे.

१९६७ साली बंगळूरमध्ये व्हीएसटी कंपनी स्थापन झाली आणि जपानी मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर बनवू लागली. कोकणातल्या लहान खाचरांना हे यंत्र मानवले, कारण ते बांधावरून नेता येते आणि अरुंद वाफ्यात वळते. मात्र उतारावर त्याची एक विचित्र खोड आहे. सपाटीवर डाव्या मुठीखालचा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावरून खाली येताना इंजिनच यंत्राला रोखून धरत असते. अशा वेळी क्लच दाबलेल्या बाजूचे चाक मोकळे सुटून वेगाने पळते आणि टिलर उजवीकडे वळतो. हे माहीत नसलेला माणूस ऐनवेळी नेमका उलटा क्लच दाबतो. तरीही टिलरमागून चालणाऱ्याला मुठी सोडून बाजूला होता येते. ट्रॅक्टरवर बसलेल्याला ती सोय नाही.

पुढे पंधरा-वीस अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर आले. महिंद्राचा युवराज २१५ हा त्यांतला परिचित, १५ अश्वशक्तीचा. आकार लहान म्हणून धोका लहान, असा समज मात्र चुकीचा आहे. चाकांमधले अंतर कमी असल्यामुळे आडव्या उतारावर वरच्या बाजूचे चाक एखाद्या दगडावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले, तरी तोल जायला पुरेसे होते. म्हणून चढ-उतार सरळ रेषेत करावा आणि आडवे जाणे टाळावे. मागे जड अवजार असेल तर पुढे वजन लावावे. चढ फारच उभा असेल तर रिव्हर्समध्ये वर जावे. उतरताना खालचा गिअर आधीच टाकावा आणि क्लच दाबून ट्रॅक्टर मोकळा सोडू नये. डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल एकमेकांना जोडलेले असावेत, नाहीतर एकच चाक अडून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

खाचरातला अपघात वेगळा असतो. चिखलणी करताना मागची चाके रुततात, पुढची बांधाला टेकतात. चालक इंजिनचा जोर वाढवून क्लच झटक्यात सोडतो. चाके फिरत नाहीत, मग ट्रॅक्टरचे धडच मागच्या आसाभोवती वर उचलले जाते आणि उलटते. सावरायला एक सेकंदही मिळत नाही. अशा वेळी रिव्हर्समध्ये बाहेर यावे किंवा चाकापुढचा चिखल काढावा. ओढायचा दोर आसाच्या वर कधीच बांधू नये; तो खालच्या ड्रॉबारलाच लावावा.

उलटलेल्या ट्रॅक्टरखालून माणूस वाचवण्याचा उपाय जगाने उशिराच, पण सक्तीने स्वीकारला. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट बंधनकारक केली. अमेरिकेत मजूर चालवत असलेल्या ट्रॅक्टरांसाठी तसा नियम १९७६ साली आला. या चौकटीचा उपयोग पट्टा बांधला तरच होतो, कारण चालक बाहेर फेकला गेला तर तीच त्याच्यावर पडू शकते. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधू नये. कासूसारख्या गावात मिनी ट्रॅक्टर घेताना अश्वशक्तीच्या आधी ही चौकट आहे का, ते पाहावे.