आंतड्यांचा अडथळा आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

तान्हें मूल थांबून थांबून कळवळतें, पाय पोटाशीं घेतें, हिरवें ओकतें आणि पुढें शौचावाटे रक्तमिश्रित आंव पडते. आंतड्यांत आंतडें शिरलें म्हणजे असें होतें. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून येथें दिवस नव्हे, तास मोजावे लागतात.

१८७१ सालीं लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनीं दोन वर्षांच्या मुलाचें पोट उघडून असें आंतडें सोडविलें व तें मूल वांचलें. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनीं गुदद्वारांतून पाण्याचा दाब देऊन तेंच साधलें. १९०५ सालीं त्यांनीं १०७ रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांतील सुमारें ३५ टक्के दगावले होते, तरी त्या काळीं हें मोठेंच यश होतें.

पोटांत दुर्बीण घालण्याचा प्रयोग १९०१ सालीं केलिंग यांनीं कुत्र्यावर केला; १९१० सालीं याकोबेउस यांनीं माणसावर. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनीं १९९० सालीं दुर्बिणीनें पित्ताशय काढून भारतांत या शस्त्रक्रियेचा पाया घातला.

आज प्रथम हवेचा वा पाण्याचा दाब देतात. तो निष्फळ ठरल्यास बारीक छिद्रांतून दुर्बीण व चिमटे घालून आंतडें हलकेंच मोकळें करतात. तें सडलें असल्यास मात्र तो भाग कापून काढावा लागतो.

वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९६९ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. परंतु अल्लीपूरच्या घरांत हिरवी ओकारी बाळघुटीवर सोपविली, तर वेळ तेथेंच सरते. ती ओळखणारी माता हीच या शास्त्राची पहिली पायरी होय.