टेलिकन्व्हर्टर

टेलिकन्व्हर्टर : कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायचे, लेन्सचे केंद्रांतर वाढवणारे भिंगयुक्त उपकरण. १.४ पट आणि २ पट हे त्याचे प्रचलित प्रकार. दूरचा पक्षी किंवा बिबट्या चौकटीत मोठा दिसावा, म्हणून वन्यजीव छायाचित्रकार ते टेलिफोटो झूम लेन्सला जोडतात.

या वाढीव पल्ल्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. १.४ पटीचा कन्व्हर्टर निम्मा प्रकाश खातो, २ पटीचा तीन-चतुर्थांश. १००–४०० मिमी., एफ/४.५–५.६ लेन्स १.४ पटीने १४०–५६० मिमी. होते, पण लांबच्या टोकाला तिचे छिद्र एफ/८ वर येते. पहाटेच्या अंधूक उजेडात मग आयएसओ वाढवावा लागतो. अनेक जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/५.६ पलीकडे नीट चालत नाही. मिररलेस कॅमेऱ्यांनी ही अडचण बरीच कमी केली.

लेन्सचे दोषही प्रतिमेबरोबर मोठे होतात. किमान फोकस अंतर मात्र तेच राहते, म्हणून फुलपाखरे आणि चतुर टिपायलाही कन्व्हर्टर उपयोगी पडतो.

कॅननने २०१३ मध्ये २००–४०० मिमी., एफ/४ लेन्समध्ये १.४ पटीचा कन्व्हर्टर आतच बसवला. खटका फिरवताच ती २८०–५६० मिमी., एफ/५.६ होते. निकॉनची अशीच १८०–४०० मिमी. लेन्स २०१८ मध्ये आली. ताडोब्याच्या धुळीत, सफारीच्या उघड्या जिप्सीत लेन्स काढून कन्व्हर्टर लावण्याची गरज अशा लेन्समुळे उरत नाही.