जीविका आणि पण्य : पुणे परिसरातील ख्रिस्ती इतिहासातील एक नैतिक प्रश्न

पाणिनीच्या अष्टाध्यायीत प्रतिकृतिवाचक शब्दांना लागणाऱ्या 'क' प्रत्ययाविषयी एक लहानसे सूत्र आहे (५.३.९९). मूर्ती उपजीविकेचे साधन असून विकावयाची नसेल, तर हा प्रत्यय लोप पावतो. पूजकाच्या हातातील मूर्ती 'शिव'. बाजारात मांडलेली 'शिवक'. या सूत्रावर भाष्य करताना द्रव्यासाठी मूर्ती घडविणाऱ्या मौर्यांचा उल्लेख पतंजलीने केला, तो प्रसिद्धच आहे. देवावर जगणे आणि देव विकणे या दोन गोष्टी वैयाकरणांनी अशा वेगळ्या मानल्या. धर्मशास्त्र मात्र अधिक कठोर आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धास वर्ज्य ठरविलेल्या ब्राह्मणांत देवलक जसा आहे, तसाच वेतन घेऊन अध्यापन करणाराही आहे. एकोणिसाव्या शतकातील पुण्याने ख्रिस्ती मिशनांना आणि ख्रिस्ती झालेल्या स्वकीयांना जो प्रश्न विचारला, त्याच्या मुळाशी ही जुनी दृष्टी होती. तो निव्वळ परधर्मद्वेषाचा प्रश्न नव्हता.

ख्रिस्ती परंपरेलाही हा पेच अपरिचित नाही. मंदिरातून विक्रेत्यांना हाकलणारा येशू आणि पवित्र आत्म्याचे दान पैशाने मागणाऱ्या शिमोनाला धिक्कारणारा पेत्र एका बाजूस. तर दुसऱ्या बाजूस कामकरी आपल्या अन्नास पात्र आहे, हे शिष्यांना दिलेले आश्वासन. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सुवार्तेवर उपजीविका करण्याचा प्रचारकाचा अधिकार प्रथम आग्रहाने सिद्ध करतो आणि मग तो आपण वापरला नाही असे सांगतो. स्वतः तो राहुट्या करून पोट भरीत असे. अधिकार मान्य, पण त्याचा त्याग श्रेष्ठ, ही त्याची भूमिका पाणिनीपेक्षा मनूला अधिक जवळची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

धर्मांतरितांविषयी मराठीत रूढ झालेला आक्षेप 'पोटासाठी बाटला' या शब्दांत सामावलेला आहे. 'पोटार्थी' या शब्दातील 'अर्थ' हाच पाणिनीच्या सूत्रातील 'जीविकार्थ'मध्येही आहे. मात्र वैयाकरणाला जो भेदक धर्म वाटला, तो येथे निंदावाचक झाला. या निंदेत तथ्यांश होता. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत अन्न आणि उपदेश पुष्कळदा एकाच हातून मिळत. परंतु ही निंदा उच्चवर्णीय धर्मांतरितांना सरसकट लागू करणे अन्यायाचे होते. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला खरा. पण कायद्याने राखलेला हक्क एकत्र कुटुंबात प्रत्यक्ष पदरात पडणे ही निराळी गोष्ट. घर सुटले, जात सुटली, की मिशनचे वेतन एवढाच आधार उरे. १८५४ मध्ये बेळगावास बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांच्या लेखनामागे मिशनांचा आणि धार्मिक पुस्तकसंस्थांचा आश्रय होता, म्हणून त्यांची श्रद्धा विकाऊ ठरत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूसही एक विसंगती होती. मुंबईतील अमेरिकन मिशनचा छापखाना धर्मप्रसारासाठी उभा राहिला. पण त्यातून निघालेले कसब लवकरच दुसरीकडे गेले. मिशनची छापील पुस्तके पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला. शाईतील चरबीचा विटाळ नको म्हणून तुपाची शाई वापरली आणि १८३१ च्या सुमारास पंचांग छापले. मिशनच्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर सुरू केला. पुढे तेथून निघालेले संस्कृत धर्मग्रंथ घरोघरी विकत घेतले गेले. पोथी विकत आणणे कोणाला पाप वाटले नाही. तुपाने चरबीचा दोष गेला; विक्रयाच्या दोषाची आठवण राहिली ती फक्त परधर्माच्या बाबतीत.

हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो पंडिता रमाबाईंच्या बाबतीत. १८८२ मध्ये पुण्यास आल्यावर त्यांनी लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नाचा उपयोग त्यांना इंग्लंडच्या प्रवासासाठी झाला. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे उत्पन्न नियोजित विधवागृहासाठी होते, आणि त्याच वर्षी बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन दिले. शारदासदन १८८९ मध्ये मुंबईस निघाले, पुढच्या वर्षी पुण्यास आले. संस्थेने धर्मनिरपेक्षतेचे अभिवचन दिले होते. पण रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि येणाऱ्या मुलींना मज्जाव करीत नसत. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा त्याग केला. 'केसरी'च्या टीकेचा मुख्य रोख रमाबाईंनी स्वतःची तुंबडी भरली असा नव्हता. शिक्षणाच्या नावाने मिळालेला पैसा आणि विश्वास धर्मांतराकडे वळविला जात आहे, असा होता. म्हणजे वाद द्रव्याचा नव्हता, द्रव्यामागील संकल्पाचा होता. रमाबाईंचे उत्तर सरळ होते : स्वतःच्या घरात स्वतःची प्रार्थना लपविण्याचे बंधन आपण स्वीकारलेले नाही. तथापि पालकांना दिलेल्या वचनाचा पालकांनी लावलेला अर्थही दुर्लक्षिण्यासारखा नव्हता, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावयास हवे.

केडगावची जमीन त्यांनी घेतली ती फळबागेच्या उत्पन्नावर संस्था स्वावलंबी व्हावी या हेतूने. १८९६–९७ च्या दुष्काळाने हा हिशेब उधळला; शेकडो मुली व स्त्रिया आल्या आणि मुक्तिसदन उभे राहिले. जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा प्रभाव असलेल्या रमाबाईंनी आता ठराविक साहाय्यापेक्षा ईश्वरावर भार टाकला. विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योगही सुरू केले. तरीही 'मुक्ति प्रेअर बेल' हे इंग्रजी पत्रक परदेशी वाचकांपर्यंत जात होते आणि त्यात मुलींच्या कहाण्या असत. येथे विचारवंताने थांबावे. मूर्ती नाही, पोथी नाही, पण अनाथ मुलीचे दुःख दात्यासमोर मांडले जाते, तेव्हा ते जीविकार्थ की पण्य? मुलींच्या जेवणाची सोय त्यातूनच होत होती, म्हणून झटकन दोष देता येत नाही. आणि त्या मुलींची संमती कोणी विचारली असेल असे वाटत नाही, म्हणून पूर्ण निर्दोषही म्हणता येत नाही. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले ते साध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीत. संस्कृत संज्ञांबरोबर हिंदू कल्पना येतील म्हणून त्या शब्दांविषयी त्या सावध होत्या. हे बायबल केडगावच्या छापखान्यात स्त्रियांच्या हातून जुळले गेले आणि रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळकांनी निराळी वाट धरली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दोन दशकांहून अधिक काळ ते अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने राहिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. कीर्तनाचे मोल घेऊ नये हा दंडक ज्या परंपरेत मानला गेला, तिच्यातून आलेल्या माणसाला परकीय वेतन कायमचे रुचणे कठीणच होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणू पाहिले. १९१९ मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले, त्यामुळे हा प्रयोग दोन वर्षांपलीकडे त्यांच्या हातून चालला नाही. मात्र संन्यस्ताला संसार होता. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त (१९३४–३६) टिळकांच्या हाती पैसा कसा टिकत नसे आणि तो कोठून कोठे जाई, याचे वर्णन विनोदाने येते. पण घरात दाणा आहे की नाही हे पाहण्याचे काम त्या विनोदामागे सतत चालू असते, आणि ते लक्ष्मीबाईंचे होते.