सागाची चौकट आणि प्लायवूडची फळी

सुरतेतील गोडादरा, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथे मापाबरहुकूम करवून घेतलेल्या ग्रंथांच्या कपाटात सागाची चौकट आणि प्लायवूडच्या फळ्या आढळल्या, तर ती केवळ काटकसर समजू नये.

सुरतेला साग जवळचा. इंग्रजांनी १८४२ साली डांगच्या भिल्ल राजांकडून जंगले पट्ट्याने घेतली ती या लाकडासाठीच. पुढे १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण आले आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वृक्षतोडीस आळा बसला. अखंड सागाचे कपाट सामान्य घराच्या आवाक्याबाहेर गेले.

परंतु मुख्य कारण लाकडाच्या स्वभावात आहे. अखंड फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत मात्र फारशी बदलत नाही. म्हणून जुने सुतार दाराची रुंद फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवीत. प्लायवूडचे पापुद्रे एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्याने ते स्थिर राहते. पण ग्रंथांच्या भाराने मध्ये वाकते. यावर उपाय म्हणून फळीच्या पुढल्या कडेस सागाची उभी पट्टी चिकटवितात. पट्टी अरुंद असल्याने फुगण्याची भीती नाही. रुंद फळी मात्र प्लायवूडला सर्वांगाने चिकटविली, तर ती तडकते. वाचकांनी आपल्या कपाटाची कडा एकदा बोटांनी चाचपून पाहावी.